‘त्या मानाने बरा’ म्हणू नका

एका वाचकाचं पत्र आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

हे गृहस्थ चित्रपटांचे जुने अभ्यासू प्रेक्षक. जगभरातलं गंभीर काम शोधून पाहतात, मित्रांच्या एका गटात त्यावर चर्चा करतात. एका संध्याकाळी त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीने घरातल्या सगळ्यांसाठी चित्रपट निवडला, जादूचा आणि विनोदी. जाहिरात पाहूनच यांचं मत झालं होतं, आणि ते त्यांनी बसता बसता बोलूनही दाखवलं. चित्रपटातल्या आईची एक गंमत आहे : विचार न करता, बहुतेकदा रागाच्या भरात, ती जे बोलेल ते शब्दशः खरं होतं. “घर डोक्यावर घेतलंय नुसतं!” म्हणते आणि पुढच्या क्षणी मुलं अंगणात खरोखर घर डोक्यावर घेऊन उभी. नवऱ्याला “कायम हवेत असता तुम्ही” म्हणते आणि तो छताला जाऊन चिकटतो. पुढे एकदा मोठ्या मुलीवर चिडून ती म्हणते, “माझ्याशी बोलूच नकोस.” तेव्हापासून त्या मुलीचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, आईला मात्र येत नाही.

आमचे वाचक छताच्या प्रसंगाला मोठ्याने हसले आणि शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मुलीने ते पाहिलं. चित्रपट संपल्यावर तिने विचारलं, “आवडला ना?” हे म्हणाले, “ठीक होता. त्या मानाने बरा.” मुलगी काही बोलली नाही. पुढच्या वेळी चित्रपट निवडताना मात्र ती आईला म्हणाली, “बाबाला नको बोलवू. त्याला असले सिनेमे आवडत नाहीत.”

त्यांचे प्रश्न दोन आहेत. चित्रपट खरंच चांगला होता, की अपेक्षा शून्य होती म्हणून चांगला वाटला? आणि मुलीला आता काय सांगायचं? गटातले मित्र काय म्हणतील, ही धास्तीही पत्रात डोकावते.

पत्रात तुम्ही पहिल्या प्रश्नाला दीड पान दिलंत आणि दुसऱ्याला चार ओळी. मला दुसरा मोठा वाटतो. पण पहिल्याचं उत्तर मनाशी पक्कं झाल्याशिवाय मुलीशी मोकळेपणाने बोलता येणार नाही, म्हणून आधी तेच पाहू.

अपेक्षा कमी असली की साधी गोष्टही गोड लागते, ही तुमची शंका निराधार नाही. वोल्फ्राम शुल्त्स या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चेतत. रस मिळणार हे आधीच्या खुणेवरून कळू लागलं, की त्या खुणेला चेतत आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर शांत राहत. खूण होऊनही रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षा खाली जाई. 1997 साली शुल्त्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे सविस्तर मांडलं. थोडक्यात, जे मिळतं ते अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा किती कमी, याची नोंद या पेशी ठेवतात. न मागता मिळालेल्या हशाचा आनंद मोठा असतो तो याच धर्तीवर.

पण त्याच प्रयोगातली दुसरी बाजू तुमच्या बाजूने साक्ष देते. अपेक्षा एका जागी थांबत नाही. घर डोक्यावर घेतलेली मुलं पाहून तुम्ही पहिल्यांदा हसलात, त्या क्षणी तुमची अपेक्षा वर सरकली. छताच्या प्रसंगापर्यंत ती आणखी चढली असणार. अर्ध्या तासानंतर समोर बसलेला माणूस ‘हा टाकाऊ असणार’ म्हणणारा राहिलाच नव्हता. त्याला आता पुढचं काहीतरी हवं होतं, आणि ते मिळालं नसतं तर तो चिडला असता. तेव्हा कमी अपेक्षेने तुमचं पहिलं हसू समजावता येईल, फार तर दुसरं. शेवटच्या पंधरा मिनिटांतलं रडणं तिच्या खात्यावर टाकता येत नाही. तिथवर येईपर्यंत चित्रपटाने स्वतःच अपेक्षा उंच करून ठेवली होती आणि ती त्याने पुरी केली.

आणि मुळात ती कमी अपेक्षा कुठून आली होती, हेही पाहा. एका जाहिरातीवरून. ‘पॅडिंग्टन’ हा 2014चा चित्रपट प्रदर्शित होण्याआधी त्यातल्या अस्वलाचं चित्र बाहेर आलं, तेव्हा लोकांनी त्याला भयपटाच्या प्रसंगांत चिकटवून खिल्ली उडवली होती. आवाजासाठी निवडलेले कॉलिन फर्थ मध्येच बाजूला झाले आणि बेन व्हिशॉ आले, तेव्हा शंकांना आणखी जोर चढला. चित्रपट आला आणि समीक्षकांनी त्याचं मनापासून कौतुक केलं. 2017च्या दुसऱ्या भागाला तर ब्रिटिश अकादमीच्या पुरस्कारांत उत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचं नामांकन होतं, आणि ह्यू ग्रँट यांना सहायक अभिनेत्याचं. ज्या चित्रावरून लोक हसले ते अस्वल फारसं बदललं नव्हतं. गोष्ट कुणी पाहिलेली नव्हती, एवढंच.

आता मला ज्याविषयी मनापासून बोलायचं आहे ते. तुमच्या पत्रात “हलकाफुलका” हा शब्द पाच-सहा ठिकाणी आहे आणि प्रत्येक वेळी तो वजा गुणांसारखा आला आहे. असा चित्रपट करायला किती कठीण असतो, हे तुमच्यासारख्या प्रेक्षकाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. भरतमुनींच्या आठ रसांत हास्य आणि अद्भुत यांना करुणाच्या शेजारीच जागा आहे. हे दोन रस एकाच गोष्टीत आणायचे, वर आठ वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या आजीपर्यंत सगळ्यांना धरून ठेवायचं, आणि कुणालाही खोलीबाहेर पाठवावं लागणार नाही असं सगळं लिहायचं. गंभीर चित्रपटाला प्रेक्षकाचा संयम हक्काने मागता येतो. इथे तो मागायचा अधिकारच नाही. मूल कंटाळलं की त्याच क्षणी उठून जातं.

जादूच्या गोष्टीची पहिली अट म्हणजे जादूला कुंपण हवं. एच. जी. वेल्स यांनी आपल्या कादंबऱ्यांविषयी लिहिताना म्हटलं होतं, की जिथे काहीही घडू शकतं तिथे काहीच रंजक राहत नाही. अशक्य गोष्ट एकच घ्यायची आणि बाकीचं जग आपल्या ओळखीचं ठेवायचं. केदार शिंदे यांचा ‘अगं बाई अरेच्चा!’ (2004) आठवा. नायकाला बायकांच्या मनातलं ऐकू येतं, एवढी एकच अशक्य गोष्ट. बाकी घर, नोकरी, रुसवेफुगवे सगळं नेहमीचं, म्हणूनच गंमत वाढत जाते. ‘ग्राउंडहॉग डे’मध्ये (1993) एकच दिवस पुन्हा पुन्हा उगवतो आणि तो का उगवतो याचं कारण चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. ते विचारण्याची गरजही पडत नाही, कारण त्या एका दिवसाचे नियम इतके पक्के आहेत, की आपलं लक्ष माणसाकडे जातं.

तुमच्या मुलीने निवडलेल्या चित्रपटातला नियम किती नेमका आहे, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहून गेलात. आई विचार न करता जे बोलते तेच खरं होतं. ठरवून, घोकून बोललेलं खरं होत नाही. यामुळे सुटकेचा सोपा रस्ता बंद झाला. “माझ्याशी बोल” असं ती शंभरदा म्हणू शकते, पण ते ती विचारपूर्वक म्हणते, म्हणून लागू पडत नाही. लेखकाने स्वतःलाच कोपऱ्यात उभं केलं. तिथून तो बाहेर कसा पडला, तेच तुमच्या डोळ्यांतल्या पाण्याचं कारण आहे. शेवटी आई कामात गढलेली असते, पाठमोरी. मुलगी दारात येऊन काहीतरी बोलू लागते. आणि आई मान वर न करता, केवळ सवयीने म्हणते, “बोल गं, ऐकतेय मी.” विचार न करता बोललेलं वाक्य. खरं होतं.

तुम्हीच लिहिलं आहे की सुरुवातीच्या दहा मिनिटांत, जादू सुरू होण्याआधी, आई हेच वाक्य तीनदा म्हणते आणि तिन्ही वेळा ती ऐकत नसते. तेव्हा प्रेक्षक हसतात. शेवटी तेच वाक्य, तोच स्वर, आणि हसू येत नाही. असं पेरणं आणि असं उगवणं मोठमोठ्या नाटककारांना साधताना पाहून आपण त्यांना दाद देतो. इथे ते उडत्या नवऱ्याच्या शेजारी घडतं, म्हणून त्याचं मोल कमी होत नाही. माझं मत विचाराल तर सबंध पत्रात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तो प्रसंगच. मी तो पाहिलेला नाही, तुमच्या चार ओळींतून वाचला, तरी वाचता वाचता थांबले.

अभिनयाबद्दल तुम्ही फक्त एवढंच लिहिलं आहे, की छताला चिकटलेला नवरा “चक्क गंभीर” होता. तिथेच मेख आहे. जादूच्या विनोदात नटाने डोळा मारला की संपलं. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये (1993) रामदास पाध्ये यांची बाहुली होती. लक्ष्मीकांत बेर्डे त्या बाहुलीला खरंखुरं घाबरतात, म्हणून आपण हसतोही आणि लहानपणी रात्री पांघरूण डोक्यावरून घेतोही. बाहुली किती खरी दिसते याला त्यानंतर फारसं महत्त्व उरत नाही. तुमच्या त्या नवऱ्याला छतावरून ऑफिसच्या कामाचा फोन घ्यायचा असतो आणि तो तिथूनच शांतपणे बोलतो. तो स्वतः हसला असता तर तुम्ही हसला नसता.

सगळे एकत्र बसले होते म्हणून हसू आलं असेल, अशीही एक शंका तुम्ही कंसात टाकली आहे. असेलच. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोवाइन यांनी हसण्याचा अभ्यास केला तेव्हा त्यांना आढळलं, की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट सोबतीत हसतो. पण याला चित्रपटाचा दोष कसा म्हणायचा? हा प्रकार सोबतीने पाहण्यासाठीच लिहिलेला असतो. एका विनोदाला मूल हसतं, त्याच वाक्याला आई वेगळ्या कारणाने हसते, आणि दोघं एकमेकांकडे पाहून तिसऱ्यांदा हसतात. एकट्याने रात्री उशिरा, वही घेऊन तो पाहिला तर त्यातलं बरंच काही दिसणार नाही.

तरीही मनात शंका राहिलीच, तर एक खात्रीची कसोटी आहे. महिनाभराने तोच चित्रपट पुन्हा पाहा. या वेळी अपेक्षा भरपूर असेल, गोष्ट माहीत असेल, शेवट माहीत असेल, म्हणजे आश्चर्याचा आधार पूर्ण काढून घेतलेला असेल. सुरुवातीची वीस मिनिटं विशेष लक्ष देऊन पाहा. जे चित्रपट केवळ अनपेक्षित असल्यामुळे आवडतात ते या वेळी पोकळ लागतात, आणि तसं झालं तर तेही मान्य करा. जे खरोखर नीट बांधलेले असतात त्यांच्यात पहिल्या वेळी निसटलेल्या खुणा दिसू लागतात. मला वाटतं, “ऐकतेय मी” हे वाक्य पहिल्यांदा येईल तेव्हाच तुमच्या पोटात काहीतरी हलेल.

‘द प्रिन्सेस ब्राइड’ (1987) हा याचा उत्तम दाखला आहे. चित्रपटगृहात त्याला बेताचंच यश मिळालं. नंतर लोकांनी तो घरी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, पुन्हा पाहिला, मुलांना दाखवला, आणि 2016 साली तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, गेला. तो तुमच्या मुलीबरोबर जरूर पाहा. त्यात आजारी नातवाला आजोबा एक गोष्ट वाचून दाखवतात, आणि नातू सुरुवातीला तुमच्यासारखाच बसलेला असतो : ही असली गोष्ट मला आवडणार नाही, अशा तयारीने. हळूहळू तो आजोबांना मध्येच थांबवून विचारू लागतो, पुढे काय झालं. आजोबा त्याला कुठेही “बघ, मी म्हणालो होतो ना” असं ऐकवत नाहीत. वाचत राहतात.

आता मुलीबद्दल.

ती दहा वर्षांची आहे. चित्रपट तिने निवडला होता, सगळ्यांसाठी, आणि तुम्ही बसता बसता केलेला शेरा ऐकूनही ती निवड तिने बदलली नाही. दीड-दोन तास तिचं अर्धं लक्ष पडद्याकडे आणि अर्धं तुमच्याकडे असणार. तुम्ही हसलात तेव्हा ती जिंकली होती. तुम्ही रडलात तेव्हा तिला कळलं, की आपण बाबाला खरोखर काहीतरी चांगलं दिलं. आणि मग तुम्ही म्हणालात, “त्या मानाने बरा.” कशाच्या मानाने, हे तिला कळलं नसेल. पण तिने डोळ्यांनी पाहिलेलं आणि तुम्ही तोंडाने सांगितलेलं जुळत नाही, हे तिला नक्की कळलं. मुलं अशा वेळी आपल्या डोळ्यांपेक्षा मोठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतात. तुम्ही विचार न करता एक वाक्य बोललात आणि घरात ते खरं झालं : बाबाला असले सिनेमे आवडत नाहीत. त्या चित्रपटातल्या आईची गोष्ट तुम्हाला इतकी का लागली, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागू नये.

तिच्याशी बोलाल तेव्हा माफीचं भाषण करू नका. “मला तुझं मन दुखवायचं नव्हतं” यात पुन्हा तुम्हीच मध्यभागी येता. आणि “खूप छान होता हं” असंही नको, त्याला समजूत काढल्याचा वास येतो. नेमकं बोला. “त्या दिवशी मी ठीक होता म्हणालो, ते खरं नव्हतं. तो फोनवर बोलतो छतावरून, ते मला फार आवडलं. आणि आई म्हणते ना ऐकतेय मी, तेव्हा मी रडलो. तू पाहिलंस.” एवढं पुरे. त्यानंतर तिला विचारा, तिला कुठला भाग आवडला, आणि उत्तर पूर्ण ऐका. जादूचे नियम मुलांना मोठ्यांपेक्षा बारकाईने लक्षात राहतात. तुम्हाला न दिसलेली एखादी खूण ती सांगेल, कदाचित चित्रपटातली एखादी चूकही दाखवेल. तिने दाखवलेल्या चुकीवर तुमच्या गटात घालता तसा वाद घाला. तिला त्यात मजा येईल.

‘त्या मानाने’ हे दोन शब्द तेवढे बाजूला ठेवा. मुलांच्या चित्रपटाच्या मानाने, हलक्याफुलक्याच्या मानाने, अपेक्षेच्या मानाने. चित्रपट आवडला असेल तर आवडला म्हणावं, आणि का ते सांगावं. गंभीर चित्रपटाबद्दल बोलताना तुम्ही कधी म्हणाला आहात का, की रडवणाऱ्यांच्या मानाने बरा होता?

मित्रांच्या गटाबद्दल मला फार काळजी वाटत नाही. पुढच्या बैठकीत हा चित्रपट सांगा, शेवटच्या प्रसंगाची बांधणी उलगडून सांगा. ते तुमचे जुने मित्र आहेत आणि चित्रपटांवर प्रेम करणारी माणसं आहेत. एखाद्याने नाक मुरडलंच तर मुरडू द्या.

एक गोष्ट राहिली. मुलगी पुढच्या वेळी जो चित्रपट निवडेल तो चांगलाच निघेल असं नाही. जादूचे आणि विनोदी म्हणून निघालेले कित्येक चित्रपट आळशी असतात : नियम सोयीने बदलतात, नट आरडाओरडा करून हसवू पाहतात, शेवटी कुणीतरी सगळ्यांना उपदेश करतो. तसा निघाला तर आवडल्याचं सोंग आणू नका. तिला तेही कळेल, आणि मग तुमच्या या वेळच्या कौतुकाचीही किंमत जाईल. कुठे फसला ते सांगा आणि तिला काय वाटलं ते विचारा. फक्त ते चित्रपट संपल्यावर. सुरू होण्याआधी काही बोलू नका, जाहिरात पाहू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि ती सांगेल त्या जागी बसा.